यादीत न मावलेली लढाई

युद्धावरचे जाडजूड पुस्तक हाती आले की त्यातली काही पाने वाचक हटकून उलटून टाकतो. बारीक टाइपात छापलेली ती पाने असतात. वर सेनापतीचे नाव, त्याखाली कोअर, त्याखाली डिव्हिजन, मग ब्रिगेड, मग पलटणी अशी उतरंड लावलेली. मधूनच एखाद्या नावापुढे कंसात एखाद-दुसरे अक्षर. कोणत्या लढाईत कोणाच्या हाताखाली कोण होते, याचा हा तक्ता. त्यात गोष्ट नाही, वर्णन नाही, एक क्रियापदसुद्धा नाही. मी मात्र अलीकडे ही पाने आधी वाचतो आणि मग पुस्तकाकडे वळतो. हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे, त्याला स्वतःची भाषा आहे, स्वतःचा प्रामाणिकपणा आहे आणि स्वतःची लबाडीही आहे, असे माझे मत होत गेले आहे. कवितासंग्रहाचे परीक्षण करतात तसे या तक्त्याचे का करू नये?

या प्रकाराला घडीव रूप दिले ते अमेरिकेतल्या यादवी युद्धावरच्या लेखनाने. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ‘सेंच्युरी’ मासिकाने त्या युद्धात लढलेल्या दोन्ही बाजूंच्या सेनाधिकाऱ्यांकडून आठवणी लिहवून घ्यायला सुरुवात केली. पुढे १८८७-८८मध्ये त्यांचे ‘बॅटल्स अँड लीडर्स ऑफ द सिव्हिल वॉर’ या नावाचे चार मोठे खंड निघाले. मोठ्या लढायांवरच्या लेखांपाठोपाठ संपादकांनी दोन्ही सैन्यांचे तक्ते छापले. कंसातल्या अक्षरांचा अर्थही सांगून टाकला : ‘के’ म्हणजे ठार, ‘डब्ल्यू’ म्हणजे जखमी, ‘एम’ म्हणजे बेपत्ता किंवा पकडला गेलेला, आणि ‘एम’ व ‘डब्ल्यू’ जोडून आले तर प्राणघातक जखमी. आठवणी लिहिणारे सेनापती पानेच्या पाने स्वतःची बाजू मांडतात, जुने हिशेब चुकते करतात; तक्ता मात्र गप्प असतो. आपल्या बखरकारांनाही यादीचा सोस होता. पण बखरीतली यादी कानाने ऐकायची असते, सरदारांच्या नावांचा तिथे गजर चाललेला असतो. अमेरिकन तक्त्यात नावापेक्षा आकडा मोठा. ११२वी न्यूयॉर्क, ९७वी पेनसिल्व्हेनिया. एवढ्यावरच भागते.

परीक्षणासाठी मी फोर्ट फिशरचा तक्ता निवडला आहे. लढाई १३ ते १५ जानेवारी १८६५ची. गेटिसबर्गइतकी ती प्रसिद्ध नाही, पण पायदळ आणि आरमार ही दोन्ही इथे एकाच किल्ल्यावर चालून गेली, आणि दोन प्रकारची सैन्ये एका कागदावर आणताना या लेखनप्रकाराची खरी परीक्षा होते.

आधी जागा समजून घेऊ. उत्तर कॅरोलायना प्रांतात केप फिअर नदी अटलांटिकला मिळते, तिथे नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी जीभ उरते. तिच्या टोकाशी हा किल्ला होता. दगडविटांचा नव्हे, वाळू आणि मातीच्या प्रचंड ढिगाऱ्यांचा. काटकोनात मोडलेल्या दोन बाजू : जमिनीकडची अर्ध्या मैलाहून थोडी कमी, समुद्राकडची मैलभर. तोफेचा गोळा दगडी तटाचे तुकडे उडवतो, वाळूत मात्र तो रुतून बसतो. कर्नल विल्यम लॅम या तरुण अधिकाऱ्याने १८६२च्या जुलैपासून हे काम चालवले होते. लढाईच्या वेळी तो २९ वर्षांचा होता. किल्ल्याच्या आडोशाने उत्तरेची नाकेबंदी चुकवून जहाजे नदीत शिरत आणि वर विल्मिंग्टन बंदराला लागत. जाताना कापूस, येताना बंदुका, औषधे, कापड, मांस. १८६४ संपता संपता दक्षिणेकडे अटलांटिकवरचे असे मोठे बंदर हे एकच उरले होते, आणि व्हर्जिनियात लढणाऱ्या जनरल लीच्या सैन्याची रसद बऱ्याच अंशी त्यावर चालली होती.

त्या कापसाचा धागा आपल्या दारापर्यंत येतो. नाकेबंदीमुळे अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडापासून धारवाडपर्यंतच्या काळ्या रानाला सोन्याचा भाव आला. धारवाडचा कापूस जवळच्या बंदरातून निघावा म्हणून कारवारकडे सरकारचे लक्ष गेले, आणि १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. आपल्या भागाचा नकाशा कोणी कशासाठी आखला हे शोधू लागलो की धागा कधी कधी असा सातासमुद्रापार जातो. १८६५मध्ये युद्ध संपले आणि मुंबईच्या शेअर बाजाराचे काय झाले, ते वेगळे सांगायला नको.

आता तक्त्याकडे. उत्तरेच्या बाजूला दोन वेगळे रकाने आहेत, आणि पहिली मेख इथेच आहे. पायदळ युद्धखात्याचे, आरमार नौदल खात्याचे. दोन मंत्री, दोन कचेऱ्या, हुकमांच्या दोन वाटा. दोघांवर हुकूम चालवू शकेल असा एकच माणूस, अध्यक्ष लिंकन, आणि तो वॉशिंग्टनला. रणांगणावर दोघांचा मिळून वरिष्ठ असा कोणी नव्हताच. ही फाळणी युद्धानंतरही टिकली. सरकारने युद्धाची कागदपत्रे छापली तीही दोन मालांमध्ये : पायदळाची १२८ पुस्तके १९०१पर्यंत निघाली, आरमाराचे तीस खंड १८९४पासून वेगळे निघाले. फोर्ट फिशरची एकच दुपार समजून घ्यायची तर वाचकाला दोन कपाटांमध्ये येरझाऱ्या घालाव्या लागतात. दोन खात्यांमधून एकच कागद फिरवण्याचा सराव असलेल्या आपल्यासारख्यांना याचे नवल वाटू नये.

तक्ता मात्र हे सांगत नाही. दोन रकाने शेजारी शेजारी छापले की ते एकाच झाडाच्या दोन फांद्या वाटतात. झाडाला खोड नव्हते, हे कळायला डिसेंबरात जावे लागते.

कारण या किल्ल्यावर हल्ला दोनदा झाला. १८६४च्या नाताळातल्या पहिल्या मोहिमेत आरमाराचा प्रमुख होता रिअर ॲडमिरल डेव्हिड पोर्टर आणि पायदळाचा मेजर जनरल बेंजामिन बटलर. सरसेनापती ग्रँटच्या मनात प्रत्यक्ष नेतृत्व जनरल वाइत्सेलने करावे असे होते, पण हुकूम विभागप्रमुख या नात्याने बटलरच्या हातून जायचा होता. बटलर स्वतःच मोहिमेवर निघाला. वकिली आणि राजकारण यांतून सैन्यात आलेला हा गृहस्थ. १८६२च्या न्यू ऑर्लिन्सच्या मोहिमेपासून त्याचे आणि पोर्टरचे विळ्याभोपळ्याचे सख्य. बटलरच्या डोक्यातून एक अचाट कल्पना निघाली : एका जुन्या जहाजात दोनशे टनांहून अधिक दारू भरायची आणि ते किल्ल्याजवळ नेऊन उडवायचे. २४ डिसेंबरच्या पहाटे ते उडाले. किल्ल्यातले काही लोक दचकून उठले, एवढाच परिणाम. पायदळ अजून पुरते पोचलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी सुमारे साडेसहा हजारांपैकी जेमतेम दोनेक हजार माणसे किनाऱ्यावर उतरली, किल्ला अभेद्य आहे असे वाइत्सेलने सांगितले आणि बटलर परत फिरला. उतरल्यावर पाय रोवून राहायचे, हा ग्रँटचा हुकूम बाजूलाच राहिला. काही शिपाई तर किनाऱ्यावर मागे उरले. समुद्र शांत झाल्यावर आरमाराने त्यांना उचलून आणले. दोष कोणाचा यावर मग दोन खात्यांत लठ्ठालठ्ठी.

जानेवारीत बटलरच्या जागी आल्फ्रेड टेरी आला. तोही वकीलच, सैनिकी शाळेचे तोंडही न पाहिलेला. आता दोन्ही मोहिमांचे तक्ते समोरासमोर ठेवून पाहा. डिसेंबरात एम्सची डिव्हिजन, जानेवारीत एम्सचीच. डिसेंबरात पेनची काळ्या शिपायांची डिव्हिजन, जानेवारीतही तीच. आरमारावर दोन्ही वेळा पोर्टर. भर पडली ती कर्नल ॲबटच्या ब्रिगेडची, म्हणजे चौदाशे माणसांची, आणि थोड्या तोफखान्याची. टेरीच्या अहवालाप्रमाणे एम्सकडे ३,३००, पेनकडे ३,३०० आणि ॲबटकडे १,४०० माणसे होती. साठच्या आसपास युद्धनौका. तक्त्याच्या भाषेत दोन्ही मोहिमा जवळजवळ एकच. पहिली फजिती होती, दुसरी विजय.

फरक कुठे पडला? ग्रँटने टेरीला दिलेल्या पत्रात बजावले होते की ॲडमिरलशी मोकळेपणाने बोल, दोघांचे पुरते एकमत असू दे, आणि तुझ्या जबाबदारीला बाध येणार नाही तिथवर त्याच्या मताला मान दे. टेरीने ते अक्षरशः पाळले. १४ तारखेच्या संध्याकाळी तो पोर्टरच्या ‘मॅल्व्हर्न’ जहाजावर गेला. (हे जहाज पूर्वी नाकेबंदी चुकवणारेच, उत्तरेने पकडून आपल्या आरमारात घेतलेले. चोराच्या घोड्यावर कोतवाल.) तिथे बसून दोघांनी उद्याची वेळ ठरवली, कोण कुठून चढणार ते ठरवले, निशाणांनी संदेश कसे द्यायचे ते ठरवले. दुसऱ्या दिवशी पायदळ तटावर चढले तेव्हा जहाजांच्या तोफा शिपायांच्या पुढच्याच मातीच्या आडांवर अचूक पडत होत्या. आपल्या माणसांच्या एवढ्या जवळ तोफा डागायच्या तर दोन खात्यांचा एकमेकांवर केवढा विश्वास हवा! लढाई जिंकून देणारी ही एक बैठक. तिला तक्त्यात रकाना नाही.

तरीही तक्त्याची थोरवी मान्य केलीच पाहिजे, आणि ती एम्सच्या डिव्हिजनपाशी दिसते. पहिली ब्रिगेड न्यूटन मार्टिन कर्टिसची, चार न्यूयॉर्क पलटणींची. दुसरी गलुशा पेनिपॅकरची. तिसरी लुई बेलची. १५ जानेवारीच्या दुपारी तीननंतर नदीच्या बाजूच्या टोकावर आधी कर्टिस गेला, त्याच्या मागून पेनिपॅकर, त्याच्या मागून बेल. कागदावरचा क्रम आणि वाळूवरचा क्रम क्वचितच जुळतो; इथे तंतोतंत जुळला. आणि आता तिन्ही नावांचे काय झाले ते पाहा. कर्टिस जखमी, एक डोळा कायमचा गेला. पेनिपॅकर जबर जखमी. बेल प्राणघातक जखमी, दुसऱ्या दिवशी वारला. पहिला, दुसरा, तिसरा. तिन्ही ब्रिगेडप्रमुख गेले आणि तरी लढाई रात्री दहापर्यंत एकेका मातीच्या आडासाठी चालू राहिली. ‘घनघोर रणकंदन’ वगैरे शब्द वापरून आपले लेखक जे साधू पाहतात, ते ही दोन-तीन अक्षरे मुकाट्याने साधतात. युद्धवर्णन लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा संयम शिकून घ्यावा असे मला वाटते.

पण त्याच वेळी किल्ल्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर, समुद्राकडच्या ईशान्य बुरुजावर, जे घडले ते मांडताना तक्त्याचे हातपाय गळतात. पोर्टरला आरमाराचाही वाटा हवा होता. त्याने पस्तीसएक जहाजांतून १,६०० खलाशी आणि ४०० मरीन शिपाई किनाऱ्यावर उतरवले. खलाशांच्या हाती आखूड तलवारी आणि पिस्तुले. शत्रूच्या जहाजावर उडी घेतात तशीच किल्ल्यावर झेप घ्यायची, असा हुकूम. जहाजाच्या कठड्याला आणि वाळूच्या उंच तटाला एकच न्याय! मरीनांनी खड्डे खणून बंदुकांचा आधार द्यायचा होता. ते वेळेत जागेवर बसू शकले नाहीत. प्रमुख म्हणून पोर्टरने आपला अधिकारी किडर ब्रीझ याला पाठवले. तुकडीतला जेम्स पार्कर सेवाज्येष्ठतेने ब्रीझच्या वर होता. त्याने हक्क बाजूला ठेवला म्हणून निभावले. बुरुजावरून गोळ्यांचा पाऊस सुरू झाला तेव्हा पुढे सरकण्याची सोय नाही, मागे कोण आहे ते माहीत नाही, शेजारचा माणूस दुसऱ्याच जहाजावरचा, त्याचे नावही ठाऊक नाही. या तुकडीत असलेल्या थॉमस सेल्फ्रिजने पुढे ‘बॅटल्स अँड लीडर्स’मध्येच लेख लिहिला आणि त्या दाटीला कोंडवाड्यातल्या मेंढरांची उपमा दिली. आरमाराचे नुकसान तीनशेच्या आसपास, त्यातले बहुतेक या हल्ल्यातले.

ही दोन हजार माणसे तक्त्यात कुठे शोधायची? आरमाराची यादी जहाजांची असते. थॅचर, लॅनमन, शेंक, गॉडन या कमोडोरांचे चार विभाग, चिलखती जहाजांचा रॅडफर्डचा पाचवा, आणि प्रत्येक जहाजापुढे कप्तानाचे नाव. वाळूवर मेलेला खलाशी कागदावर आपल्या जहाजातच असतो. त्याची तुकडी सकाळी जमली, संध्याकाळी मोडली. तिला क्रमांक नव्हता, निशाण नव्हते. आणि गंमत अशी की हा फसलेला हल्लाच पायदळाच्या उपयोगी पडला. किल्ल्यातल्या लोकांना हाच मुख्य हल्ला वाटला. लॅमने आपली बरीच माणसे बुरुजावर गोळा केली, खलाशी मागे हटताच किल्ल्यात जयघोष झाला, आणि मग कोणीतरी मान वळवून पाहिले तो पश्चिमेच्या टोकावर उत्तरेची निशाणे फडकत होती.

तक्त्याचा याहून मोठा अन्याय पेनच्या डिव्हिजनवर आहे. गोऱ्या पलटणींची नावे प्रांतांवरून : न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, न्यू हॅम्पशर, कनेटिकट, इंडियाना. काळ्या शिपायांच्या पलटणी मात्र ‘युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स’, १ली, ४थी, ५वी, ६वी, १०वी, २७वी, ३०वी, ३७वी, ३९वी. नुसता आकडा, गाव नाही, प्रांत नाही. ५वी आणि २७वी ओहायोत उभी राहिली होती, ४थी मेरिलँडात. ३७वी तर आधी ‘तिसरी उत्तर कॅरोलायना’ या नावाने उभारलेली. म्हणजे या वाळूशी ज्यांचे जन्माचे नाते होते अशांची पलटण. पुढे क्रमांक बदलला आणि प्रांताचे नाव पुसले गेले. यादीत नावापुढे प्रांत कोणता लागतो, किंवा लागतच नाही, याचे मोल दुभाषी मुलखातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

या डिव्हिजनपुढे मृत-जखमींचे आकडे किरकोळ आहेत. आकड्यांवरून शौर्य मोजायची सवय लागलेला वाचक म्हणेल, हे लोक मागे राहिले होते. ते मागेच होते, पण पाठ किल्ल्याकडे आणि तोंड विल्मिंग्टनकडे करून. जमिनीच्या जिभेवर समुद्रापासून नदीपर्यंत खंदक खणून त्यांनी आडवी भिंत उभी केली होती, कारण उत्तरेला दक्षिणेच्या रॉबर्ट होकची सुमारे सहा हजारांची डिव्हिजन उभी होती. ती खाली आली असती तर टेरी दोन्हीकडून चेचला गेला असता. ती आली नाही. ही फळी पक्की आहे असे तिच्या वरिष्ठाला वाटले. त्यांच्यापुढचा लहान आकडा त्यांच्या कामाचा पुरावा आहे, आणि तक्ता तो पुरावा गैरहजेरीसारखा छापतो. संध्याकाळी टेरीने ॲबटची ब्रिगेड आणि यांच्यातली २७वी पलटण किल्ल्यात बोलावली. शेवटची शरणागती घेताना ती तिथे होती.

दक्षिणेच्या रकान्यात वेगळीच शोकांतिका आहे. सर्वांत वर जनरल ब्रॅक्स्टन ब्रॅग. त्याखाली होक, चार ब्रिगेडी. त्याखाली किल्ला : लॅमचे सुमारे १,९०० लोक, बहुतेक उत्तर कॅरोलायनाचे तोफची, थोडे नौदलाचे. बेरीज केली तर सात-आठ हजार, म्हणजे टेरीच्या जवळजवळ बरोबरीचे बळ. बेरीज कागदावरच राहिली. ब्रॅगने एक हजारांची कुमक धाडली, तीतले साडेतीनशेच किल्ल्यात पोचले. होकने १५ तारखेला थोडी हालचाल केली आणि मागे घेतली. आणि व्हायटिंगला कुठे लिहायचे? तो मेजर जनरल, किल्ल्याच्या संरक्षणाची आखणी करण्यात त्याचा मोठा हात. पण १८६४च्या शरदात त्याच्या डोक्यावर ब्रॅगला आणून बसवले होते. १३ तारखेला तो आपणहून किल्ल्यात आला, तुम्हा सर्वांचा बळी दिला जाणार आहे आणि मी तुमच्यात वाटेकरी व्हायला आलो आहे, असे लॅमला म्हणाला. लॅमने नेतृत्व देऊ केले ते त्याने घेतले नाही. साध्या शिपायासारखा तो तटावर लढला, जखमी झाला, पकडला गेला, आणि १० मार्च १८६५ला न्यूयॉर्कजवळच्या बंदिवासात वारला. मरण्यापूर्वी ब्रॅगच्या वागणुकीची चौकशी करा असे लीला लिहून. ज्याच्या हाताखाली कोणीच नाही अशा मेजर जनरलला उतरंडीत जागा नसते. म्हणून तक्ते त्याला किल्ल्याच्या माथ्यावर बसवतात. जे पद त्याने नाकारले, ते छापखान्याने त्याला दिले.

ब्रॅगने किल्ल्याचा ताबा घ्यायला कोलक्विट नावाचा नवा अधिकारी रात्री होडीने पाठवला. तो उतरला तेव्हा किल्ला पडत होता; तो आल्या पावली परत गेला. जखमी व्हायटिंग आणि लॅमला टोकाच्या बुकॅनन बुरुजाशी नेले होते, तिथून नदी ओलांडता येईल म्हणून. तिथल्या होड्या आधीच निघून गेल्या होत्या.

तक्ते टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही. मराठीत युद्धेतिहास लिहिणाऱ्यांनी ते जरूर द्यावेत, पुस्तकाच्या शेवटी नव्हे तर प्रकरणाच्या आधी. फक्त दोन गोष्टी सोबत छापाव्यात : कोण कोणाला हुकूम देऊ शकत नव्हता, आणि मागच्या लढाईचा तक्ता. या दोहोंशिवाय तो अर्धा कागद आहे. आणि तारखांवरही थोडा अविश्वास ठेवावा. फोर्ट फिशरच्या तक्त्यावर १३ ते १५ जानेवारी असे लिहिलेले असते. १६ तारखेच्या सकाळी किल्ल्यातले मुख्य दारूचे कोठार उडाले. रात्रभर लढून थकलेले बेलच्या ब्रिगेडमधले १६९व्या न्यूयॉर्क पलटणीचे शिपाई त्याच्या गवताळ उंचवट्यावर झोपले होते. दोन्ही बाजूंची मिळून दोनशेच्या आसपास माणसे त्यात गेली, त्यांत दक्षिणेचे जखमी कैदीही होते. चौकशीत ठपका आला तो दिवट्या घेऊन कोठारात शिरलेल्या बेशिस्त लोकांवर. त्यांत शिपाईही होते आणि खलाशीही.